भामीचं खरं वजन

आमचे आबा, म्हणजे अंबाजी, गंजात मापाडी आहेत. हैदराबादेत गंज म्हणजे धान्याचा बाजार. गौलीगुड्यातल्या आमच्या घरापासून चालत निघायचं आणि मिरचीच्या शिंका सुरू झाल्या की समजायचं, गंज आला. तिथे सकाळी पोती सुटतात आणि पोत्यांबरोबर आबांचा आवाज सुटतो. मापाड्यानं 'एक' म्हणायचं नसतं. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं आणि दुसरं माप भरेपर्यंत तोच शब्द घोळवत राहायचं, म्हणजे मोजणी चुकत नाही आणि मध्ये कोणाला तोंड घालता येत नाही. "लाऽऽभ हो लाभ, लाभ हो लाभ... दोऽऽन हो दोन, दोन हो दोन..." घरात मात्र आबा इतकं हळू बोलतात की आई विचारते, "आवाज गंजातच ठिवून आलात काय?"

पण आबांचं नाव आवाजामुळे झालेलं नाही, हातामुळे झालेलं आहे. काही व्यापारी धान्यावर पाणी मारतात. ओला दाणा फुगतो, जड होतो, वजनात भरतो. आबा पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, तळातली मूठभर तूर काढतात आणि कानाशी नेऊन खुळखुळवतात. वाळला दाणा बोलतो, ओला दाणा मुका असतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एका सेठनं त्यांना बाजूला घेतलं. "अंबाजी, थोडी नमी है भाई, मौसम का माल है. आँख मूँद लेव ना."

"मौसम कू कैकू बदनाम करते सेठजी," आबा म्हणाले, "माल घर से नहा के आया है." आणि पोतं बाजूला.

हमाल नरसय्या त्यांचा दोस्त. तो अंबरपेठेचा, तेलुगू माणूस, पण दखनी अशी बोलतो की जिभेखाली कायम पान असावं. ही गोष्ट सांगताना तो दर वेळी आबांचा हात उचलून दाखवतो. "ये हात नहीं मियाँ, ये अदालत है अदालत!"

अशा माणसाच्या घरात जे झालं ते सांगायचं आहे.

माझा मोठा भाऊ मुकुंददादा सरकारी कचेरीत कारकून होता. गोदावरी वहिनीला दिवस गेले तेव्हा कचेरीत आणि घरात एकच विषय होता: निजामाचं जुनं राज्य तुटणार, तेलुगू भाग आंध्रात, कानडी भाग म्हैसुरात, मराठवाडा मुंबईत. मराठी नोकरदारांना औरंगाबादेकडे जायचे हुकूमनामे निघणार. दादा म्हणायचा, "आबा, तुम्हीही चला." आबा म्हणायचे, "राज्याची वाटणी करायलेत, करू द्या. मी काय पोत्यातली ज्वारी हाय, अर्धी हिकडं, अर्धी तिकडं?"

त्या गडबडीत वहिनीच्या ताटाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे होतं, पण उलट्या बाजूनं होतं. माझ्या आईची थोरली बहीण बाळंतपणात अडून गेली होती. मूल मोठं होतं, असं सगळे म्हणाले होते. ते आईच्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून सातवा लागल्यापासून ती वहिनीच्या ताटातली दुसरी भाकरी उचलायची. "अर्ध्या पोटी ऱ्हा गं बाई. लेकरू लहान राह्यलं तर सुटका सोपी हुती. भायेर आल्यावर वाढवू की, कुठं पळून जातंय?" हे ती मायेनं म्हणायची, डोळ्यात पाणी आणून म्हणायची. वहिनीही मायेनंच उपाशी राहायची. त्यात तिला दोनदा हिवताप आला.

भामी झाली ती इतकीशी, की नर्सनं तिला माझ्या हातावर ठेवलं तेव्हा मला वाटलं, नुसतं फडकंच दिलंय. दवाखान्यातल्या रत्नम्मा डॉक्टरबाई तेलुगू. त्या दखनी बोलतात, पण प्रत्येक वाक्य टेबलावर शिक्का मारल्यासारखं. "दिनां पूरे हैं. बच्ची पूरी नहीं. पेट में इस कू खाने कू मिलाच नहीं. अब माँ कू खिलाव. दाल, दूध, अंडा, सब!"

"हौ, हौ," आई म्हणाली. आई डॉक्टरांपुढे, पोलिसापुढे आणि भटजीपुढे सारखंच 'हौ' म्हणते, आणि घरी येऊन आपलं तेच करते. घरी आल्यावर डाळ वातूळ म्हणून बंद. अंडं गरम पडतं म्हणून बंद. बाळंतिणीला मऊ भात, तूप आणि मिरपूड. चौथ्या महिन्यात वहिनीचं दूध आटायला लागलं, तेव्हा भामीला साबुदाण्याची पेज सुरू झाली, भरपूर साखर घालून. पुढे डाळ द्या म्हणून डॉक्टरबाईंनी पुन्हा निरोप दिला, तर वरणाचं वरचं पाणी, फडक्यातून गाळून.

इकडे आबांनी गंजातून एक जुना पितळी तराजू आणून तुळईला टांगला. पारड्यात गोधडीची घडी, घडीवर भामी. गंज बंद असेल त्या दिवशी वजन. आसपासच्या बायका ओट्यावर जमायच्या. घरात कधी न चढणारा आबांचा आवाज तेव्हा चढायचा: "लाऽऽभ हो लाभ!" आणि वजन भरत होतं! दर खेपेला काटा भामीकडे झुकायचा आणि समोर आणखी एक वजन चढायचं. आबा पगडी मागे सारून बघत राहायचे. "बघा, पेटात नाही भरलं ते भायेर भरायलीय माझी नात."

दिवाळीच्या सुमाराला हुकूम आलाच. दादा औरंगाबादेला निघाला. तिथे चार कारकुनांत एक खोली, त्यात तान्ह्या लेकराला कसं न्यायचं? डॉक्टरबाईही म्हणाल्या होत्या, बच्ची खडी होने तक कहीं भेजना नहीं. जाताना दादानं भामीचे गाल ओढले. "गुटगुटीत झाली की! होळीला येतो, दोघींना घेऊनच जातो."

गाल खरंच गोल झाले होते. पण भामी बसत नव्हती. तिचे केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे तांबूस, विरळ झाले होते. ती हसायची नाही, रडायचीही नाही. ठेवली तिथे राहायची.

नरसय्या एकदा तिच्यासमोर बराच वेळ तोंडं वेडीवाकडी करून बसला, माकडासारखा कान ओढून घेतला, शेवटी थकला. "अंबाजी, ये बच्ची हँसती नहीं क्या?"

आईला राग आला. "गुणी हाय ती. तुमच्यासारखं दिवसभर खिदळायचं काय कारण?"

मग वाळे काचायला लागले. बारशाला केलेले चांदीचे वाळे भामीच्या पायात रुतले. आईला कोण आनंद! "बघा, पाय भरले पोरीचे. सोनाराकडून वाढवून आणा जावा."

आबा वाळे काढायला बसले. तेल लावून, फिरवून फिरवून त्यांनी एक वाळा उतरवला. पायावर वाळ्याची खाच पडली होती. ती तशीच राहिली. आबांनी थोडं थांबून बघितलं. मग तिच्या पावलावर अंगठा ठेवला, हलका दाबला, उचलला. खड्डा पडला तो पडलाच. भरून येईना. त्यांनी दुसरा पाय दाबला. तिथेही तेच.

आबांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "पाणी हाय."

"काय?" आई म्हणाली.

"माल ओला हाय, मालन. इतके दिवस मी पाणी तोलायलोय."

आणि त्यांनी भामीला गोधडीसकट उचललं आणि निघाले. आई, वहिनी आणि मी मागे धावत.

दवाखान्यात रत्नम्मा डॉक्टरबाईंनी भामीचे पाय बघितले, केस बघितले आणि आईकडे वळल्या. "दाल देतें?"

"देतो की. रोज देतो."

"कैसी देतें?"

"वरचं पाणी. चांगलं गाळून."

"और नीचे की दाल?"

आईनं हळूच आबांकडे बोट केलं. "ह्ये खातात."

डॉक्टरबाईंनी आबांना पगडीपासून पायापर्यंत न्याहाळलं. आबा चांगले उंचेपुरे, भरल्या दंडाचे. "हौ. दिख रहा है दाल किधर गई."

दाराशी उभी असलेली नर्स फिसकन हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बचेगी क्या, बाई?"

मग डॉक्टरबाईही थट्टा विसरल्या. अंग बनायला जे लागतं ते डाळीत असतं, दुधात असतं, अंड्यात असतं. साखर-साबुदाण्यात ते नाही. आधीच आईच्या पोटात उपाशी राहिलेलं लेकरू. त्याला बाहेर आल्यावरही तेच मिळालं नाही, म्हणून अंगात मांस धरलं नाही, पाणी धरलं. असं त्यांनी सावकाश सांगितलं. आता दूध, घोटलेली डाळ, अंड्याचा बलक. थोडं थोडं, पण दिवसभर. "एक बात याद रखो," त्यांनी बोट उचललं. "पहले वजन घटेगा. पानी उतरेगा ना! तब घबरा के फिर साबूदाना दिये, तो मेरे पास मत लाव. बच्ची हात से जाएगी."

झालं. दुसऱ्या दिवशी नरसय्या अंबरपेठेहून घरच्या कोंबड्यांची अंडी घेऊन आला, मुंडाशात बांधून, डोक्यावर. "फूटी नहीं एक भी," तो म्हणाला, "हमाल का सिर है." आबांनी गंजातून निवडक मूग आणला. आई अंडं चुलीवर चढू देईना, म्हणून अंगणात तीन विटांची वेगळी चूल मांडली. वहिनीलाही आता डाळ, अंडं, शेंगदाण्याची चटणी सगळं सुरू झालं. आबा स्वतः समोर बसून तिला वाढायला लावायचे. सासऱ्यासमोर बसून सुनेनं जेवायचं म्हणजे आमच्याकडे नवलच. वहिनी भिंतीकडे तोंड करून जेवायची आणि आबा भिंतीला सांगायचे, "आणखी एक घ्यायला सांगा तिला."

पुढच्या वजनाला ओट्यावर बायका आल्या. आबा म्हणाले, "लाऽऽभ" आणि तिथेच थांबले. वजन उतरलं होतं. त्यापुढच्या खेपेला आणखी उतरलं. गाल गेले, पायाची सूज गेली आणि खालून निघाली ती सुपारीएवढ्या गुडघ्यांची, काडीएवढ्या पायांची भामी. तीच खरी भामी होती. पण बघवत नव्हती.

"हाडं दिसायलीत!" आई कपाळ बडवून घ्यायला लागली. "भरल्या अंगाची पोर होती माझी. त्या डॉक्टरनीनं वाळवली. आणि तुम्ही? तराजूवाले ना तुम्ही? दिसत नाही काटा?"

"दिसायलाय," आबा म्हणाले. "जन्मभर काट्याचंच ऐकलं. आता नाही ऐकणार."

आईनं ऐकलं असं नाही. एका दुपारी आबा गंजात, वहिनी नळावर, आणि आई स्वयंपाकघरात वाटीत साबुदाणा ढवळत होती. मी दाराआडून रत्नम्मा डॉक्टरबाईंचा आवाज काढला: "अम्मा! वो वाटी में क्या है?" आईच्या हातून वाटी पडली. ती "हौ, हौ, दाल, दाल" म्हणत पदर सावरून उभी राहिली, आणि मग मला लाटणं घेऊन अंगणभर पळवलं. पण साबुदाण्याचा डबा त्यानंतर फळीवरून खाली आला नाही.

होळीला दादा आला. काचीगुड्याला उतरून सरळ घरी. भामीला बघितलं आणि पिशवी हातातच राहिली.

"हे काय केलंत?" तो म्हणाला. "मी सोडून गेलो तेव्हा कशी होती!"

आबांनी सगळं सांगितलं. दादाला पटेना. तो म्हणाला, तिकडे मोठा दवाखाना आहे, उद्याच्या गाडीनं दोघींना नेतो. आबा आत गेले आणि तुरीच्या दोन मुठी घेऊन आले. एक कोरडी, एक मघाशी भिजवलेली. दोन्ही दादाच्या हातावर ठेवल्या.

"जड कोणती?"

"ही. ओली."

"मग घेशील कोणती?"

दादानं तूर खाली ठेवली. "पोरगी म्हणजे तूर नव्हे, आबा."

आबा वाकून तूर गोळा करायला लागले. वहिनी आतून बघत होती, तिच्या हातात दादासाठी जेवणाचं ताट होतं. गाडीचा शिणलेला माणूस, म्हणून तिनं उकडलेलं अंडंही ठेवलं होतं. दादा पाटावर बसला. समोर आईच्या मांडीवर भामी. दादानं अंडं उचललं आणि तोंडापाशी नेलं.

आणि भामीनं भोकाड पसरलं!

ते नुसतं रडणं नव्हतं. फेरीवाला, कोसळलेलं भांड्यांचं कपाट आणि गंजातले आबा, सगळे एकदम. सबंध गल्लीला ऐकू जाईल असं. दोन्ही हात अंड्याकडे, डोळ्यांत पाणी, तोंड लालबुंद. दादाचा घास हवेतच. जन्मल्यापासून जी पोर हूं की चूं करत नव्हती, ती बापाच्या हातातलं अंडं मागत होती आणि मागताना पाठ ताठ करून, आधाराशिवाय बसली होती.

"अरे, दे की तिला!" आबा ओरडले. घरात. गंजातल्या आवाजात.

दादानं अंड्यातला बलक काढून भामीच्या तोंडात घातला. भामी गप्प. दादाचं बोट मात्र सोडीना. दोन दात आले होते, त्यांनी ती चावली. दादा "आईऽ गं!" म्हणाला आणि हसायलाच लागला, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसायला लागला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडीत बसला.

त्यानंतर भामी जी सुटली! सुरुवातीला काटा जरासा हलला, मग दर खेपेला हलू लागला. पण आता आबा आधी पावलं दाबून बघायचे, मगच पारड्यात ठेवायचे. झबली आखूड व्हायला लागली. वहिनी एक शिवून पुरं करायची तोवर हात बाहेर आलेले असायचे. केस काळे झाले. पावसाळ्यात ती उंबरठ्याला धरून उभी राहिली, आणि उभी राहून पहिलं काम काय केलं, तर नरसय्याचं मुंडासं ओढलं. अंडी असतात ना त्यात! नरसय्याला काय आनंद! "देखो, देखो, डाका डाल रही!"

रत्नम्मा डॉक्टरबाईंनी तिला उचलून वर केलं, खाली केलं, दंड चेपले. म्हणाल्या, "पेट में जो घाटा हुआ, वो पूरा का पूरा वापस नहीं आता. थोडी छोटी रहेगी, रहने देव. लेकिन जितना वापस ले सकती थी ना, उससे जास्ती ले ली ये."

आबांनी हे वाक्य गंजात इतक्यांदा सांगितलं की हमालांना पाठ झालं. सेठ लोक भाव विचारायला आले तरी आधी हे ऐकून घ्यावं लागायचं. एकानं म्हटलं, "अंबाजी, तुमच्या नातीचं वजन काय आता?" आबा म्हणाले, "वजनाचं काय विचारता? आवाज ऐकायला या."

आईत तर असा फरक पडला की मला अजून खरं वाटत नाही. शेजारच्या हिंमतरावांच्या सुनेला दिवस गेले, तर आई तिच्या ताटाजवळ जाऊन बसायची. "अर्ध्या पोटी? कुणी सांगितलं तुला? खा मुकाट्यानं. अडत नाही काय नाही, दवाखाना हाय ना? ती डाळ कुणासाठी ठिवली? नवऱ्यासाठी? त्याचं वाढून झालंय!"

संक्रांतीच्या सुमारास दादा न्यायला आला. त्याला औरंगाबादेत दोन खोल्या मिळाल्या होत्या. डॉक्टरबाईंनी हो म्हटलं होतं. नाही म्हणायला आता कोणाकडे काहीच उरलं नव्हतं. आबांच्याकडे तर मुळीच नाही. पोर गाडीत बसण्याजोगी व्हावी म्हणूनच तर त्यांनी सगळं केलं होतं. तरी निघायच्या आदल्या दिवशी ते गंजातून लवकर आले आणि वहिनीच्या सामानात मुगाची, शेंगदाण्याची पुरचुंडी भरत बसले. वहिनी म्हणाली, "मामंजी, तिकडंबी मूग मिळतो." आबा म्हणाले, "मिळत असंल. कोरडा मिळतो का, काय माहीत."

काचीगुडा स्टेशनवर ही गर्दी. सगळ्या गल्ल्यांतून कोणी ना कोणी तिकडे निघालेलं, वळकट्या, ट्रंका, पिंजऱ्यातला एक पोपटसुद्धा. दादानं भामीला उचलायला हात केले. भामीनं त्याचे हात झटकले. आईनं उचलायला बघितलं, तिलाही "नक्को!" हा शब्द भामीला नरसय्याकडून आलेला होता, आणि त्याच्यासारखंच तोंड वाकडं करून ती तो म्हणायची. मग ती फलाटावरून चालायला लागली. पोट पुढे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, लोकांच्या पायांतून. हमाल थांबले. एक ट्रंकवाला "हटो, हटो" म्हणता म्हणता स्वतःच बाजूला झाला. आबा तिच्या मागून वाकून, दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना धरून, पण न शिवता चालत होते. डब्याशी पोचल्यावर तिनं पायरीकडे बघितलं, ती तिच्या छातीला लागत होती, आणि मागे वळून आबांकडे हात वर केले. तेवढंच एकदा उचललं त्यांनी. आत दिलं.

गाडी गेल्यावर आम्ही बाहेर आलो. आई रडत होती, वहिनीनं विसरलेलं टोपडं हातात घेऊन. आबांनी रिक्षा बोलावली. रिक्षावाला ओळखीचा नव्हता, पण आईला बघून त्यानं विचारलं, "कौन गया, बाबा?"

"पोती, बेटे की बेटी," आबा म्हणाले. पाय रिक्षाच्या पायरीवर ठेवला, पण चढले नाहीत. रिक्षावाल्याच्या तोंडाकडे बघून, अगदी गंजातल्या आवाजात त्यांनी सांगितलं, "चल के गई. अपने पाँवां से."